नातवाला जिथे राहता येत नाही, तिथे आजी-आजोबांनी महिनाभर जावं का?

पत्र

नमस्कार. आम्ही दोघं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मी 58 वर्षांची, हे 63. हे यंदा नोकरीतून मोकळे झाले. फ्लोरिडात फोर्ट मायर्सच्या बाजूला, खाडीकाठी, फक्त 55 वर्षांवरच्यांसाठी असलेलं एक आरव्ही रिसॉर्ट, म्हणजे चाकांवरची घरं लावून मुक्काम करायची जागा आहे. फेब्रुवारी महिन्यासाठी आम्ही तिथे पाण्यालगतची जागा घेतली आहे. आरव्ही भाड्याने घेणार आहोत. मुलगा-सून अटलांटाला असतात, नातू चार वर्षांचा आहे. सून उत्साहाने म्हणाली, “आम्हीही आठवडाभर येतो.” तेव्हा मला सांगावं लागलं की तिथे लहान मुलांना राहता येत नाही. ती गप्पच झाली. नंतर मुलाने विचारलं, “मुद्दाम अशी जागा शोधलीत का?” खरं तर हो, शांतता हवी म्हणूनच शोधली. हे म्हणतात, बुकिंग रद्द झालं असं सांगू आणि गुपचूप जाऊन येऊ. पुण्याहून सासूबाई म्हणतात, या वयात नातवंडाला सोडून कसली मौज? लग्नाला 33 वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे महिनाभर कुठे राहिलेलो नाही. आरव्ही कधी चालवलेली नाही. जावं की रद्द करावं? आणि विचारायला संकोच वाटतो, पण ‘फक्त प्रौढांसाठी’ म्हणजे तिथे काही भलतंसलतं नसतं ना?

– एक आजी, एडिसन

उत्तर

प्रिय मैत्रीण,

जा. बुकिंग रद्द करू नका आणि गुपचूप तर मुळीच जाऊ नका.

एवढ्या प्रश्नांच्या गर्दीत तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून गेलात, की 33 वर्षांत तुम्ही दोघंच महिनाभर कुठे राहिलेला नाहीत. माझ्या दृष्टीने तुमचं सगळं पत्र त्या वाक्यात आहे. आपल्या पिढीतल्या कितीजणींचं असंच झालं. लग्नानंतर भरलं घर, मग परदेशात दोन खोल्यांतला संसार, मुलांच्या शाळा, उन्हाळ्यात सहा-सहा महिने राहायला येणारे आईवडील आणि सासूसासरे, मग सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण. यातलं काहीच कुणी जुलमाने केलं नाही, आनंदानेच केलं. पण नवराबायकोने दोघांपुरता स्वयंपाक करून दोघांनीच संध्याकाळ घालवायची, हे राहून गेलं ते गेलंच. ते तुम्हाला आता हवंसं वाटतंय यात गैर काही नाही. रात्री गाडी चालवताना अजून नीट दिसतंय, गुडघे आरव्हीच्या पायऱ्या चढू देताहेत, तेवढ्यातच हे जमवायला हवं.

यजमानांची युक्ती मला अजिबात पटत नाही. नातू चार वर्षांचा आहे. व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागे ताडाचं झाड दिसलं की तो पहिला विचारेल, “आजी, तू कुठे आहेस?” मग त्याच्याशीही खोटं बोलायचं का? शिवाय लपवलं की साध्या सहलीचं चोरीत रूपांतर होतं, आणि पुढे कधीतरी ते कळल्यावर सुनेला ‘मुलांना मनाई’ यापेक्षा ‘आमच्यापासून लपवलं’ हे जास्त लागेल.

सुनेच्या गप्प होण्यात मला राग दिसत नाही, ती खट्टू झालेली दिसते. तिने तुमच्याबरोबर राहण्याचा बेत मनात मांडला होता. सून आपणहून सासूसोबत आठवडाभर आरव्हीत राहायला तयार होते, ही तुमच्या इतक्या वर्षांच्या वागण्याची कमाई आहे. ती सांभाळा. निरोप मुलाकडून पाठवू नका, तिलाच फोन करा. आणि सारवासारव नको. म्हणा, “अगं, तू येते म्हणालीस तेव्हा मला फार बरं वाटलं. ही जागा आम्ही मुद्दामच अशी निवडली. बाबा आत्ताच मोकळे झालेत, आम्ही दोघंच असे कधी राहिलो नाही, म्हणून एकदा करून बघायचंय. तुमच्याबरोबरचा आठवडा मला वेगळा हवाय, आणि तो कुठे घालवायचा ते आपण दोघी मिळून ठरवू.” मुलाच्या ‘मुद्दाम का’ या प्रश्नालाही ‘हो’ असंच उत्तर द्या. तो मोठा झालाय, त्याला समजेल. आज लगेच नाही समजलं तर त्याचा स्वतःचा मुलगा जरा वाढल्यावर समजेल.

एक गोष्ट त्या दोघांना जरूर सांगा, म्हणजे त्या नियमात तिरस्कार दिसणार नाही. अमेरिकेत 1988 पासून मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना घर नाकारणं कायद्याने बंद आहे. ज्येष्ठांसाठी राखीव वस्त्यांना मात्र त्यातून सूट मिळते, आणि 1995 च्या दुरुस्तीनुसार 55 वर्षांवरच्यांची वस्ती म्हणवून घ्यायचं तर राहत्या घरांपैकी किमान 80 टक्के घरांत एक तरी माणूस 55 किंवा त्यापुढचा असावा लागतो. वर्षानुवर्षं मुक्काम करणारे लोक असलेली बरीच आरव्ही पार्कं याच चौकटीत चालतात. मुलांना मनाई हा पार्कचा ठरलेला नियम असतो, त्यामुळे तिथल्या ऑफिसातली बाई “आमच्या हातात नाही” म्हणते तेव्हा ती बहाणा करत नसते.

पण राहायला मनाई म्हणजे भेटायला मनाई असतेच असं नाही. पुष्कळ पार्कांत नातवंडं दिवसभरासाठी येऊ शकतात, पोहण्याच्या तलावावर मुलांसाठी ठराविक तास असतात, काही ठिकाणी मोजक्या रात्री राहूही देतात. नियम प्रत्येक पार्कचा वेगळा. फोनवर विचारू नका, ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी हातात राहील. भेटीची परवानगी असेल तर मुलगा-सून फोर्ट मायर्समध्ये हॉटेलात दोन-तीन दिवस राहू शकतात. तिथे मॅनटी पार्क नावाचा काउंटीचा पार्क आहे. शेजारच्या वीजकेंद्रातून कोमट पाणी कालव्यात येतं, आणि थंडीत मेक्सिकोच्या आखाताचं पाणी गार पडलं की मॅनटी ऊब शोधत तिथे गोळा होतात. आपल्या समुद्रगायीचे हे भाऊबंद आकाराने अवाढव्य आणि स्वभावाने अगदी गरीब. काठावरून त्यांच्या नाकपुड्या पाण्यावर येताना दिसतात, श्वासाचा फुस्स आवाज ऐकू येतो. चार वर्षांच्या पोराला याहून जास्त काय हवं? फेब्रुवारीतल्या गार सकाळी गेलात तर दिसण्याची शक्यता चांगली.

आणि त्याला आरव्हीत झोपायचं असेल (असणारच, या वयात घराला चाकं म्हणजे सगळ्यात मोठं नवल) तर महिना संपल्यावर आरव्ही आणखी चार-पाच दिवस ठेवा आणि ऑरलँडोकडे जा. तिथे डिस्नीचं फोर्ट विल्डरनेस हे कॅम्पग्राउंड आहे, 1971 पासूनचं, आरव्हीसाठी वीज-पाणी-सांडपाण्याच्या सगळ्या जोडण्यांसह. स्वस्त नाही. कमी खर्चात हवं तर ऑरेंज सिटीजवळचं ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क बघा. झऱ्याचं पाणी बारा महिने 22-23 अंशांवर असतं, म्हणून तिथेही हिवाळ्यात मॅनटींची जत्रा भरते. मात्र फ्लोरिडाच्या स्टेट पार्कातल्या जागा राज्याबाहेरच्यांना 10 महिने आधीपासून मिळतात आणि स्थानिकांना 11 महिने आधीपासून, त्यामुळे आता तुम्हाला कुणी रद्द केलेल्या जागेवर लक्ष ठेवावं लागेल. हे काम सुनेला द्या. तरुण माणसं ते फोनवर झटपट करतात, आणि त्या आठवड्याचा बेत तिचाही होईल.

आता तुमच्या संकोचाच्या प्रश्नाकडे येते. बरं झालं विचारलंत. फक्त प्रौढांसाठी असलेली ठिकाणं साधारण तीन तऱ्हेची असतात. एक तुमच्यासारखं, 55 वर्षांवरच्यांचं. तिथे पिकलबॉल (टेनिससारखा खेळ), पत्ते, पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेलं एकत्र जेवण), सकाळी पाण्यातला व्यायाम आणि रात्री दहानंतर सामसूम. दुसरं 18 किंवा 21 वर्षांवरच्या कुणालाही घेणारं, तिथे बार आणि संगीत जरा जास्त. तिसरी तऱ्हा विवस्त्र राहणाऱ्यांच्या रिसॉर्टची. फ्लोरिडात, विशेषतः टँपाच्या उत्तरेला पास्को काउंटीत, अशी ठिकाणं उघडपणे आणि कायदेशीरपणे चालतात, आरव्हीच्या जागांसकट. ती स्वतःबद्दल लपवत नाहीत. संकेतस्थळावर ‘क्लोदिंग ऑप्शनल’ किंवा ‘नॅचरिस्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या पार्कच्या नियमावलीत 55 वर्षांची अट आहे आणि यातला एकही शब्द नाही, तर निर्धास्त राहा.

न्यू जर्सीतून आरव्ही घेऊन निघू नका, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. फोर्ट मायर्स तिथून बाराशे मैलांहून लांब. फेब्रुवारीत उत्तरेकडे पाण्याचे नळ गोठतात म्हणून भाड्याच्या गाड्यांच्या पाइपांत गोठणरोधक भरून ठेवलेलं असतं, म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत ना नळ ना संडास. त्यात बाल्टिमोरच्या बोगद्यांतून आरव्हीच्या प्रोपेन गॅसच्या टाक्या नेता येत नाहीत. पूर्वी अशा गाड्या तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायच्या, पण 26 मार्च 2024 ला तो पूल जहाजाच्या धडकेने कोसळला, आणि आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. पहिल्यांदा आरव्ही चालवणाऱ्याने हे सगळं कशाला अंगावर घ्यायचं? विमानाने ऑरलँडोला किंवा टँपाला उतरा आणि तिथे गाडी ताब्यात घ्या. दोघांना 25 फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आरव्ही) भरपूर झाली, नेहमीच्या लायसन्सवर चालवता येते. ताब्यात घेतल्यावर एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये तासभर वळणं घ्या, मागे घेऊन बघा. मागच्या चाकांमागे गाडीचा जो भाग असतो तो वळताना बाहेर फेकला जातो आणि पेट्रोल पंपाच्या खांबाला लागतो. उंचीचा आकडा फुटांत लिहून काचेसमोर चिकटवा, कारण मॅकडॉनल्ड्सच्या ड्राइव्ह-थ्रूची कमान तुमच्यापेक्षा बुटकी असते. गाडी मागे घेताना तुम्ही खाली उतरून यजमानांना आरशात दिसाल अशा उभ्या राहा. हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या, नाहीतर पहिलं भांडण तिथेच होईल.

जागेवर पोहोचलात की एका खांबावर विजेची पेटी दिसेल. आधी ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. प्लग तीन दांड्यांचा असेल तर 30 अँपिअरची जोडणी. म्हणजे 120 व्होल्टवर एका वेळी 3,600 वॉट, त्याहून जास्त नाही. आपल्या स्वयंपाकाला हे चटकन कमी पडतं. इंडक्शनवर कुकर 1,800 घेतो, छतावरचा एसी साधारण 1,500, आणि तेवढ्यात चटणीसाठी मिक्सर फिरवला की सगळं अंधारात. एसी बंद करून स्वयंपाक उरका. फेब्रुवारीत दिवसा हवा पंचवीसच्या आसपास असते, एसीची तशी गरजही नाही. फोडणी आत देणार असाल तर छतावरची खिडकी उघडा आणि पंखा लावा, कारण मोहरी तडतडली की धुराचा अलार्म ओरडायला लागतो आणि दीडशे चौरस फुटांत त्याचा आवाज कानठळ्या बसवतो. त्यापेक्षा बाहेर टेबल मांडून फोडणी द्या. निरांजनही बाहेरच्या टेबलावर आडोशाला लावा, प्रोपेनच्या घरात उघडी ज्योत नको.

टाक्यांविषयी भाड्याच्या कंपनीत दहा मिनिटं सांगतात आणि सगळं डोक्यावरून जातं, म्हणून इथे लिहिते. संडासाच्या टाकीचा म्हणजे ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह सांडपाण्याच्या नळीला जोडलेला असला तरी बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि मैला तळाशी थापून बसतो, मग तो निघता निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी ब्लॅक सोडायची, त्यामागून ग्रे, म्हणजे बेसिन-बाथरूमचं साबणाचं पाणी, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हातात मोजे. पिण्याच्या पाण्याचा पाइप या कामाला चुकूनही लावायचा नाही. हे काम कोण करणार ते घरून निघायच्या आधी ठरवा. 33 वर्षं घरातली न दिसणारी कामं बहुतेक तुम्हीच उचलली असणार. हे एक यजमानांना द्या.

एवढं वाचून आरव्ही नकोशी वाटली तर बऱ्याच पार्कांत पार्क मॉडेल नावाची छोटी घरं महिन्याच्या भाड्याने मिळतात. साधारण 400 चौरस फूट, खरा फ्रिज, खरा संडास. पाण्यालगतचा महिना हाच तुमचा हेतू असेल तर यात काही कमीपणा नाही. मात्र फिरतं घर हीच हौस असेल तर ती पुरवा.

पाण्याकाठच्या जागेविषयी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. त्या किनाऱ्याला 28 सप्टेंबर 2022 ला इयन वादळाने झोडपलं. फोर्ट मायर्स बीचवर 10 फुटांहून उंच पाणी चढलं, किनाऱ्यावरची आरव्ही पार्कं पार वाहून गेली. 2024 च्या शरदात हेलीन आणि मिल्टन ही आणखी दोन वादळं त्याच किनाऱ्यालगत आली. फेब्रुवारीत वादळाची भीती नाही, तो हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबरचा. पण संकेतस्थळावरचे फोटो वादळाआधीचे असू शकतात. धक्का, क्लबहाऊस, तलाव आज चालू आहेत का, तुमच्या जागेसमोर बांधकाम सुरू आहे का, हे विचारा आणि ताजे फोटो मागवा. महिनाभराचे पैसे भरताय, तुमचा हक्कच आहे तो.

खाडीत आणि तळ्यांत मगरींचे भाऊबंद, ॲलिगेटर, असतात, निमखाऱ्या पाण्यातही. संध्याकाळनंतर काठाला चिकटून चालू नका, पाण्यात हात-पाय बुडवून बसू नका, त्यांना खायला टाकणं तर कायद्याने गुन्हा आहे. जास्त छळतात ते नो-सी-अम नावाचे चिलटाहून बारीक किडे. साध्या जाळीतूनही आत येतात आणि पहाटे व तिन्हीसांजेला चावतात. त्या वेळी पायघोळ सलवार बरी, आणि पंख्याच्या वाऱ्यात ते टिकत नाहीत, म्हणून बाहेर बसताना छोटा पंखा जवळ ठेवा.

शेजाऱ्यांशी पहिल्या दोन दिवसांतच जाऊन बोला. तिथे दरवर्षी त्याच जागी येणारी मंडळी असतात, मिशिगनहून, ओहायोहून, कॅनडातून. संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतात. पॉटलकला जरूर जा. कमी तिखटाची साबुदाण्याची खिचडी किंवा कोथिंबिरीच्या वड्या न्या. लोक कृती विचारतील, आणि नळी गळायला लागली की त्यातलाच कुणी पाना घेऊन धावत येईल. पण रोजच्या प्रत्येक कार्यक्रमाला नाव नोंदवू नका. तुम्ही एकमेकांसाठी चाललात. पहिल्या आठवड्यात बोलायला विषय सुचणार नाहीत, यजमान सारखे फोनकडे बघतील, तुम्हाला नातवाची आठवण येऊन रडू येईल. तेवढ्यावरून परत फिरू नका. सकाळचा चहा बाहेर एकत्र घ्यायचा आणि तेव्हा फोन आत ठेवायचा, एवढा एकच नेम पाळा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या काळात ही सोयच नव्हती, आणि त्यांना खरी काळजी आहे ती तुम्ही मुलापासून तुटाल याची. ती काळजी यजमानांनी दूर करायला हवी, त्यांची आई आहे. त्यांनीच फोन करून सांगावं की आम्ही दोघं महिनाभर जातोय, नंतर नातवाबरोबर आठवडा घालवणार आहोत, आणि तिथून रोज तुझ्याशी बोलू. मात्र हा फोन सुनेशी तुमचं बोलणं झाल्यानंतर करू दे, म्हणजे पुण्याहून अटलांटाला अर्धवट बातमी आधी पोहोचणार नाही.